पिवळं पिल्लू हिरवं कधी होतं?

प्रश्न : न्यू गिनीवरच्या एका माहितीपटात फांदीवर वेटोळं घातलेला हिरवागार अजगर दिसला आणि लगेच पुढे एक पिवळाधमक. हे दोन वेगळे साप का? आपल्याकडचा चापडाही असाच हिरवा. त्याचं याच्याशी नातं आहे का? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : दोन्ही एकच, हिरवा वृक्ष-अजगर. तो न्यू गिनीत, आसपासच्या बेटांवर आणि ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्कमध्ये राहतो. पिल्लं पिवळी असतात, काही भागांत विटकरी-लालही. केप यॉर्कमध्ये ती साधारण 55 सेंटिमीटरची, म्हणजे वर्षभराची झाली की हिरवी होतात. त्यासाठी कात टाकावी लागत नाही. आहे त्याच कातडीवर एकेक खवला हिरवा होत जातो.

रंगाचा संबंध शिकारीशी आहे. पिल्लू जंगलाच्या कडेला, ऊन पडतं तिथे जमिनीलगत बसतं. सापसुरळ्या आणि किडे हे त्याचं खाणं. तिथल्या पाचोळ्यात, उन्हाच्या कवडशांत पिवळा रंग मिसळून जातो. शेपटीचं टोक तेवढं अळीसारखं वळवळत ठेवायचं. सापसुरळी भुलून जवळ येते. मोठा झाल्यावर तो दाट पानांत शिरतो आणि तिथे हिरवाच रंग उपयोगी. दिवसा वेटोळ्याच्या मधोमध डोकं टेकून पडून राहतो. रात्री मात्र पुष्कळदा खाली उतरून, बुंध्याला धरून, तोंड जमिनीकडे करून उंदरांची वाट पाहतो. पक्ष्यांवरच जगतो हा समज चुकीचा. पक्षी क्वचितच मिळतो. मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून पिल्लं बाहेर येईपर्यंत, सुमारे दीड-दोन महिने, बसून राहते.

चापडा याचा नातलग नाही. तो घोणसाच्या कुळातला, विषारी, पिल्लांना जन्म देणारा. उष्णता टिपणारे खळगे दोघांनाही असतात, पण चापड्याला डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये प्रत्येक बाजूला एकच, तर या अजगराला ओठांच्या खवल्यांवर अनेक.

प्रश्न : हा साप पाळण्यासाठी विकतात, ते शेतावर वाढवलेले असतात ना?

उत्तर : कागदावर तसं लिहिलेलं असतं. इंडोनेशियातला व्यापार तपासून 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ‘शेतावर पैदा केलेले’ म्हणून निर्यात होणाऱ्यांपैकी किमान 80 टक्के जंगलातून पकडलेले निघाले. त्यामुळे त्या कागदावर भरवसा ठेवून हा साप घेऊ नये.