वाचक विचारतात : स्टूर नदीकाठच्या पायवाटा

प्रश्न : येत्या जूनमध्ये माझे आईवडील साताऱ्याहून पहिल्यांदाच लंडनला येत आहेत. दोघांनीही पासष्टी ओलांडली आहे. आईचा गुडघा दुखतो, परंतु सपाटीवर ती तासभर चालू शकते. राजवाडे आणि संग्रहालये पाहण्यापेक्षा त्यांना एखादे खेडे, शेते आणि नदी पाहायची आहे. आमच्याकडे मोटार नाही. एका दिवसात जाऊन येण्याजोगी सोपी वाट सुचवाल का? (एक वाचक, पूर्व लंडन)

उत्तर : आपल्या अटी ऐकल्यावर आमच्यासमोर पहिले नाव आले ते डेडमचे. एसेक्स आणि सफोक या दोन परगण्यांची सीमा म्हणून वाहणाऱ्या स्टूर नदीच्या काठी हे गाव वसले असून, भोवतालच्या खोऱ्याला 1970 पासून संरक्षित निसर्गक्षेत्राचा दर्जा आहे. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरून मॅनिंगट्रीला पोहोचायला आगगाडीने साधारण तासभर लागतो, आणि मोटार नसलेल्यांच्या दृष्टीने सर्वांत सोयीची गोष्ट म्हणजे पायवाट स्थानकाच्या वाहनतळापासूनच सुरू होते. थोड्या अंतरावर ती रेल्वेमार्गाखालून पलीकडे जाते आणि मग नदीच्या बांधावर चढून, एका बाजूला पाणी व दुसऱ्या बाजूला कुरणे ठेवत, सुमारे दोन मैलांवरच्या फ्लॅटफर्ड या वस्तीला पोहोचते. तेथून डेडम आणखी दीड-दोन मैल आहे. वाटेत चढ जवळजवळ नाहीच. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तर ही जमीन परातीसारखी सपाट वाटेल.

आईंच्या गुडघ्याचा विचार करता मात्र सगळे अंतर पायी तोडण्याचा आग्रह धरू नये. मॅनिंगट्री, फ्लॅटफर्ड, डेडम आणि परत असा पूर्ण फेरा सात मैलांच्या आसपास भरतो आणि तो तरुणांनाही दिवसभर पुरतो. आपण स्थानकावरून फ्लॅटफर्डपर्यंत टॅक्सीने जावे, तेथून डेडमपर्यंतचा नदीकाठचा टप्पा रमतगमत चालावा आणि डेडमहून पुन्हा टॅक्सीने स्थानक गाठावे. दोन्ही टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवून ठेवाव्यात, कारण खेड्यात हात दाखवून गाडी थांबवण्याची सोय नसते. जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळत असल्यामुळे अंधाराची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

फ्लॅटफर्डला नॅशनल ट्रस्टचे उपाहारगृह आहे आणि स्वच्छतागृहेही आहेत. तेथे चहाबरोबर स्कोन, घट्ट साय आणि जॅम मिळते, ते जरूर घ्यावे. तरीही थालीपिठांचा डबा बरोबर असलेला बरा, हे आमचे स्वानुभवाचे मत आहे. चालण्याचा कंटाळा आला, तर फ्लॅटफर्ड आणि डेडम या दोन्ही ठिकाणी वल्ह्याच्या होड्या भाड्याने मिळतात, आणि नदीचे पाणी इतके संथ आहे की नवशिक्यालाही होडी वल्हवण्याचे धाडस होते.

वडिलांना क्रिकेटची आवड असेल, तर वाटेवर एका झाडाकडे त्यांचे लक्ष वेधावे. नदीकाठी ओळीने लावलेली, सरळ बुंध्याची, करड्या-निळसर पानांची जी झाडे दिसतात, ती विलोची, म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाच्या कुळातली असतात. बॅटी बनवण्यासाठी विलोची जी खास जात लावतात, तिची लागवड प्रामुख्याने एसेक्स आणि सफोकमध्येच होते. शिवाजी पार्कवरच्या एखाद्या पोराच्या हातातली ‘इंग्लिश विलो’ची बॅट अशाच ओलसर काठावर वाढलेल्या झाडापासून घडवलेली असू शकते.

प्रश्न : मी कोल्हापूरला चित्रकला शिकवत असे. जॉन कॉन्स्टेबलच्या ‘द हे वेन’ या चित्राची छापील प्रत आमच्या वर्गात अनेक वर्षे टांगलेली होती. पुढील महिन्यात मुलीकडे इंग्लंडला जाणार आहे. चित्रातली ती जागा खरोखर अस्तित्वात आहे का, आणि आज तेथे काय दिसते? (एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : जागा अस्तित्वात आहे आणि ती वर सांगितलेल्या फ्लॅटफर्डलाच आहे. कॉन्स्टेबलचा जन्म 1776 साली जवळच्या ईस्ट बर्गहोल्ट गावी झाला. फ्लॅटफर्डची पाणचक्की त्याच्या वडिलांच्या मालकीची होती. त्यांच्या होड्यांतून पीठ आणि धान्य नदीने खाली जात असे. ‘द हे वेन’ 1821 मध्ये लंडनला प्रथम मांडले गेले, तेव्हा ते विकले गेले नाही. तीन वर्षांनी पॅरिसच्या प्रदर्शनात मात्र त्याला सुवर्णपदक मिळाले. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आपण आधी तेथे मूळ चित्र पाहावे आणि मग फ्लॅटफर्डला जावे. क्रम उलटा झाला, तर जागेवर पोहोचल्यावर नजरेला काय शोधावे हे कळत नाही.

चक्कीजवळच्या डोहाकाठी उभे राहिल्यावर डाव्या हाताला चित्रातले तेच पांढऱ्या भिंतींचे, लाल कौलांचे घर दिसते. ते विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचे. ऐंशीहून अधिक वर्षांच्या आयुष्यात हा गृहस्थ चारच रात्री घराबाहेर राहिला, अशी आख्यायिका तेथे सांगतात. चित्रातली पाण्यात उभी असलेली गाडी आणि घोडे अर्थातच नाहीत, आणि झाडेही तीच नाहीत. चक्कीची इमारत आता निसर्ग व कला यांच्या निवासी अभ्यासवर्गांसाठी वापरली जात असल्याने ती सहसा बाहेरूनच पाहावी लागते. एवढ्याने आपली निराशा होऊ नये, कारण आमच्या मते त्या डोहापेक्षा पाहण्याजोगी आहे ती वाट.

कॉन्स्टेबल लहानपणी ईस्ट बर्गहोल्टहून डेडमच्या शाळेत पायी जात असे. फेन लेन नावाच्या झाडीतल्या गल्लीने उतरायचे, नदीवरचा फेन पूल ओलांडायचा आणि कुरणांतून डेडमच्या चर्चच्या उंच मनोऱ्याच्या रोखाने निघायचे, हा त्याचा रोजचा मार्ग होता. 1826 च्या ‘द कॉर्नफिल्ड’ या चित्रात दिसते ती हीच गल्ली. ती आजही चालता येते, त्या जागी आजही पादचारी पूल आहे, आणि लोकरी कापडाच्या व्यापारातून श्रीमंत झालेल्या डेडमने उभारलेला मनोरा अजूनही दुरून दिसतो. कॉन्स्टेबल चित्राच्या रचनेसाठी या मनोऱ्याची जागा खुशाल बदलत असे. तेव्हा हातात चित्राची प्रत घेऊन प्रत्यक्ष मनोरा जुळवायला जाल, तर कधी कधी जुळणार नाही, आणि चूक आपली नसेल!

आपण चित्रकला शिकवत होता म्हणून आणखी एक बारकावा सांगतो. त्या काळी नदीतल्या सपाट नावा घोडे ओढत असत. काठावरची घोड्यांची वाट मधूनमधून या तीरावरून त्या तीरावर जाई. अशा वेळी घोड्यालाच नावेवर चढवून पलीकडे नेत असत, आणि 1819 च्या ‘द व्हाइट हॉर्स’मध्ये नेमके तेच दिसते. गुरे दुसऱ्याच्या शेतात जाऊ नयेत म्हणून त्या वाटेवर सुमारे तीन फूट उंचीचे आडवे अडसर घातलेले असत, आणि ओढकाम करणारे घोडे त्यांवरून उडी मारायला शिकवलेले असत. ‘द लीपिंग हॉर्स’मधली झेप ही शिकारीतली किंवा शर्यतीतली नसून रोजच्या हमालीतली आहे, हे तो काठ चालून आल्यावर अधिक उमगते. आपल्या मित्राला 1821 साली लिहिलेल्या पत्रात कॉन्स्टेबलने चक्कीच्या बंधाऱ्यातून निसटणाऱ्या पाण्याचा आवाज, विलोची झाडे, कुजलेल्या फळ्या आणि चिकट खांब यांवरचे आपले प्रेम व्यक्त केले आहे. त्यांतल्या पहिल्या दोन गोष्टी आपल्याला हमखास भेटतील.

वेळ उरल्यास ईस्ट बर्गहोल्टच्या चर्चचे आवार पाहावे. तेथील घंटा मनोऱ्यात नसून जमिनीवरच्या एका लाकडी घरात आहेत. मनोऱ्याचे बांधकाम अर्धवट राहिल्याने 1531 मध्ये तात्पुरती सोय म्हणून उभारलेले ते घर अजून तसेच आहे. ‘तात्पुरत्या’ शाळाखोल्यांत आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला हे वाचून हसू येईल.

प्रश्न : नकाशावर दाखवलेली पायवाट थेट एका शेतातून जात होती. शेतकरी ट्रॅक्टरवर बसून आमच्याकडे पाहत होता, म्हणून संकोच वाटून आम्ही मागे फिरलो. दुसऱ्याच्या शेतातून असे जाणे योग्य आहे का? (एक दांपत्य, लेस्टर)

उत्तर : वाट सार्वजनिक असेल, तर आपण मागे फिरायला नको होते. महाराष्ट्रात बांधावरच्या वाटेचे भांडण तहसीलदारांपुढे जाते. जमीन महसूल संहितेच्या कलम 143 प्रमाणे ते निर्णयही देतात. मात्र तो हक्क प्रामुख्याने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात पोहोचण्यासाठी असतो. इंग्लंडमधील सार्वजनिक पायवाटेचा हक्क त्याहून वेगळा आहे. जमीन खासगीच राहते, परंतु तिच्यावरून जाणारी वाट सर्वांची असते, आणि नुसते फिरायला आलो आहोत हे कारण पुरेसे ठरते. 1949 च्या कायद्याने अशा वाटांचे अधिकृत नकाशे तयार करणे स्थानिक प्रशासनावर बंधनकारक केले. त्याआधी 24 एप्रिल 1932 रोजी डर्बीशायरमधील किंडर स्काउट या डोंगरावर शेकडो चालणाऱ्यांनी मालकांचा मज्जाव झुगारून सामूहिक प्रवेश केला होता आणि त्यांतल्या काहींनी तुरुंगवासही भोगला होता. तो लढा मोकळ्या माळरानासाठी होता. त्याची मागणी कायद्यात उतरायला 2000 साल उजाडले.

वाटेवरच्या खुणांमधला पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट, आणि निळा बाण म्हणजे घोडेस्वार व सायकलस्वार यांनाही मोकळी असलेली वाट. शेताच्या मधून जाणारी वाट शेतकऱ्याने नांगरली, तर ती ठरावीक मुदतीत, साधारणपणे पहिल्या नांगरणीनंतर चौदा दिवसांत, किमान एक मीटर रुंदीची मोकळी करून देणे त्याला भाग असते. आपल्या बाजूनेही काही पथ्ये आहेतच. पिकातून एकामागे एक चालावे, वाट सोडून पसरू नये आणि फाटक जसे उघडे किंवा बंद सापडले तसेच ठेवावे. कोकणातल्या गडग्याला असते तसे बेडे काही ठिकाणी ओलांडावे लागते. साडी किंवा गुडघेदुखी असल्यास हे आधीच विचारात घ्यावे. राहिला तो पाहणारा शेतकरी. त्याला हात उंचावून अभिवादन केले असते, तर बहुधा त्यानेही केले असते. स्टूरकाठच्या भागासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर मालिकेतला 196 क्रमांकाचा नकाशा जवळ ठेवावा. त्यावर या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात.

प्रश्न : आई खेड्यात गुरांमध्ये वाढलेली, तरीही इंग्लंडमध्ये कुरणातली जनावरे आमच्याकडे धावत आली तेव्हा तीही घाबरली. (एक वाचक, रीडिंग)

उत्तर : आईंचे घाबरणे रास्त होते. आपल्याकडची गाय माणसाच्या सतत सहवासात, दावणीला वाढते. ही जनावरे महिनोन्महिने कळपाने मोकळी असतात. कालवडी आणि गोऱ्हे बहुतेक वेळा नुसत्या कुतूहलाने धावत येतात. अशा वेळी पळू नये, पाठ न दाखवता शांतपणे चालत राहावे आणि शक्यतो कळपाला लांबून वळसा घालावा. गाईबरोबर वासरू असेल, तर त्या दोघांच्या मधून कधीही जाऊ नये. बरोबर कुत्रा असल्यास तो आखूड साखळीवर ठेवावा, परंतु गाई अंगावर आल्याच तर साखळी सोडून द्यावी. त्यांचा रोख कुत्र्यावर असतो, तो पळून सुटतो आणि माणूसही वाचतो. दहा महिन्यांवरील दुभत्या जातींचे वळू सार्वजनिक वाट असलेल्या शेतात सोडण्यास कायद्याने मनाई आहे. इतर जातींचा वळू गाईंच्या कळपासोबत असू शकतो.

प्रश्न : डिसेंबरच्या सुट्टीत स्टूरकाठी जावे का? (एक विद्यार्थिनी, कोल्चेस्टर)

उत्तर : जावे, मात्र रबरी गमबूट घालून. ही पुराच्या पाण्याची कुरणे असल्याने हिवाळ्यात वाटेवर घोट्यापर्यंत चिखल आणि कधी कधी चक्क पाणी असते, त्यामुळे दोन-चार दिवस पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकलावा. सूर्य चारच्या आधी मावळतो. म्हणून सकाळच्या गाडीने यावे आणि दुपारी दोनच्या सुमारास, जेथे असाल तेथून, परतीला लागावे.