देणगी कशासाठी द्यावी?

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

सप्रेम नमस्कार.

जन्मजात व्यंगांवर संशोधन करणाऱ्या शास्त्रीय संस्थेला दरवर्षी काही रक्कम द्यावी, असे तुझ्या मनात आले, याचा मनापासून आनंद झाला. रक्कम किती असावी, असे तू विचारले आहेस. ती झेपेल तेवढी असावी. पण ती कोणत्या कामाला लागावी, याचा विचार आधी कर.

अमेरिकेत १९६० साली स्थापन झालेल्या टेराटॉलॉजी (म्हणजे जन्मजात व्यंगांचे शास्त्र) सोसायटीचे (आताची ‘सोसायटी फॉर बर्थ डिफेक्ट्स रिसर्च अँड प्रिव्हेन्शन’) पहिल्यापासूनचे वैशिष्ट्य म्हणजे तिथे बालरोगतज्ज्ञ, भ्रूणशास्त्रज्ञ आणि औषधांची विषाक्तता तपासणारे एकत्र बसतात. गर्भवतींना मळमळीवर दिल्या गेलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे दहा हजारांहून अधिक मुले व्यंग घेऊन जन्मली. १९६१ मध्ये तो धोका ओळखला, तो जर्मनीतील बालरोगतज्ज्ञ लेन्झ आणि ऑस्ट्रेलियातील प्रसूतितज्ज्ञ मॅकब्राइड यांनी. मात्र ते औषध गर्भातील सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटते, हे जपानी संशोधकांनी दाखवून दिले ते २०१० साली. रुग्ण पाहणारा आणि प्रयोगशाळेत राबणारा यांच्यातले हे अंतर कमी करण्याचे काम संस्थाच करू शकते.

दुसरे उदाहरण फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाच्या गोळीचे. ज्या नलिकेपासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. म्हणूनच ही गोळी गर्भधारणेआधीपासून घ्यावी लागते. ज्यांच्या आधीच्या गर्भात ही नलिका नीट न मिटण्याचा दोष आढळला होता, अशा स्त्रियांमध्ये तो पुन्हा उद्भवण्याचा धोका या गोळीने ७२ टक्क्यांनी घटतो, हे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९९१ मधील चाचणीने सिद्ध केले. ती ७ देशांतील ३३ केंद्रांत झाली, कारण एका रुग्णालयात असे रुग्ण फार थोडे येतात. एकमेकांना ओळखणारी आणि एकमेकांच्या नोंदींवर विश्वास ठेवणारी माणसे असल्याशिवाय अशी चाचणी उभी राहत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की तुझी देणगी पारितोषिकांपेक्षा संस्थेच्या अधिवेशनाला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रवासखर्चाला जावी. तिथे आपले संशोधन मांडणाऱ्या पोस्टरसमोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला एखादी डॉक्टर थांबून विचारते, “हा दोष तुमच्या उंदरांत कितव्या दिवसाच्या मात्रेने दिसला?” त्या प्रश्नाने कधीकधी पुढच्या प्रयोगाची सारी आखणी बदलते.

संस्थेचा वार्षिक हिशेबही वाचत जा. औषध कंपन्यांचा पैसा घेणे गैर नाही, पण तो किती आणि कशासाठी आला, हे उघडपणे मांडलेले असावे; सभासदांची वर्गणी नियमित असली, की संस्थेला कोणापुढे मिंधे व्हावे लागत नाही.

पैशाइतकेच तुझ्या वेळेचेही मोल आहे. शोधनिबंध तपासायला आले, तर “या औषधाने गर्भाला अपाय आढळला नाही” असा निष्कर्ष असलेला निबंधही तितक्याच कसून तपास. व्हॅल्प्रोएटसारखे अपस्माराचे औषध गर्भाला खरोखर धोकादायक आहे. पण नुसत्या भीतीपोटी, डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद केल्या, तर अपस्माराचा झटका येऊन आईचाच जीव धोक्यात येतो. त्या स्त्रीला सल्ला देणाऱ्या डॉक्टरला दोन्ही प्रकारचे पुरावे हाताशी लागतात.

सभासदत्वाचा अर्ज याच महिन्यात भर आणि नव्या सभासदांना कोणत्या समितीत काम करता येईल, हे कार्यालयाला लिहून विचार.

तुझा हितचिंतक