आयटीतील नोकरी सोडून फोटोग्राफीचा छोटा व्यवसाय सुरू करावा का, आणि घरच्यांना कसे समजवावे?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: ऐरोलीच्या कंपनीतील नोकरी सोडण्यापूर्वी किती पैसे गाठीशी असावेत, कोणता कॅमेरा घ्यावा आणि ‘हा काय धंदा आहे?’ असे म्हणणाऱ्या घरच्यांना कसे समजवावे. मी महापे येथे प्रोजेक्ट मॅनेजर होतो आणि २०१६ पासून ठाण्यात लग्नसमारंभांचे आणि कारखान्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढून घर चालवतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देतो. तिसऱ्याबद्दल मात्र मला बरेच बोलायचे आहे.

सहा महिन्यांचा पगार बाजूला ठेवावा, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो या धंद्यात निरुपयोगी आहे. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नाच्या ऑर्डरी जवळजवळ थांबतात. अलीकडे पंचांगांत चातुर्मासातलेही मुहूर्त दिलेले असतात, पण मुलीच्या आजीला ते पटत नाहीत आणि तारीख तीच ठरवते. त्यामुळे घरखर्च, कर्जाचा आणि विम्याचा हप्ता यांसह एक पूर्ण चातुर्मास निघेल, आणि त्यावर एक सीझन रिकामा गेला तरी उसनवारी करावी लागणार नाही, एवढी रक्कम असल्याशिवाय राजीनामा देऊ नये. नोटीस तीन महिन्यांची असेल तर शेवटचा दिवस दिवाळीपूर्वी येईल, अशी ती द्यावी.

पावसाळ्यात मला वागळे इस्टेट आणि रबाळे येथील लहान कारखानदार सांभाळतात. हे काम कोणी इन्स्टाग्रामवर टाकत नाही, पण शिकायला याच्यासारखे दुसरे नाही. पॉलिश केलेला स्टीलचा व्हॉल्व्ह टेबलावर ठेवला की त्यात ट्यूबलाइट, छताचा पंखा, मालकांचा निळा शर्ट आणि कॅमेऱ्यामागचे आपण, असे सगळेच दिसू लागते. म्हणून त्याच्याभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू उभारून प्रकाश त्या कागदावर सोडावा लागतो आणि व्हॉल्व्हच्या कडा पांढऱ्या रंगात हरवू नयेत यासाठी दोन्ही अंगांना काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावाव्या लागतात. अशा एका व्हॉल्व्हला अर्धा दिवस जातो आणि त्याचे पैसे सहसा वेळेवर येतात.

आपल्या नेरूळच्या फ्लेमिंगोंच्या फोटोंचे ऑफिसात फार कौतुक होते, असे आपण लिहिले आहे. फ्लेमिंगो पैसे देत नाहीत आणि तक्रारही करत नाहीत. नवरीची आई दोन्ही करते. तिच्याशी बोलता येत असेल तरच या धंद्यात पडावे.

आता घरच्यांविषयी. नोकरी सोडून मला जेमतेम वर्ष झाले होते, तेव्हा माझ्या मामेबहिणीचे लग्न ठरले. साखरपुड्यात मामा सगळ्यांसमोर म्हणाले, “फोटोची काही काळजी नाही, आपला भाचा आता मोकळाच आहे.” मी तिथे काही बोललो नाही, पण त्याच आठवड्यात त्यांना कोटेशन पाठवले: हळद, सीमांतपूजन, लग्न आणि रिसेप्शन, जोडीला सेकंड शूटर म्हणजे मदतीचा दुसरा फोटोग्राफर आणि एक अल्बम, मिळून पासष्ट हजार रुपये, निम्मी रक्कम आगाऊ. दर बाजारभावापेक्षा कमी होता आणि त्यातूनच सेकंड शूटरचे मानधन आणि अल्बमच्या छपाईचा खर्च भागवायचा होता. दुसऱ्याच दिवशी मामींचा आईला फोन आला. आई मला काही बोलली नाही, वडील बोलले. त्यांचे म्हणणे असे की, नोकरीत असतास तर बहिणीला पन्नास हजारांचा आहेर केलाच असतास, हा तोच आहेर समज. शिवाय तुला बटण तर दाबायचे आहे.

त्याच लग्नात जेवणाचे कंत्राट मामींच्या चुलतभावाकडे होते आणि त्याला ताटामागे ठरलेले पैसे मिळाले. त्याने आहेर म्हणून पाचशे पाने वाढावीत, असे कोणालाही सुचले नाही. तेल आणि तांदूळ विकत आणावे लागतात हे सर्वांना दिसते. लग्नानंतर तीन-चार आठवडे रोज रात्री हजारो फोटोंतून निवड करणारा आणि एकेकाचा रंग सुधारणारा माणूस कोणाला दिसत नाही.

मामांनी अखेर डोंबिवलीचा एक फोटोग्राफर ऐंशी हजारांत ठरवला, तोही घासाघीस न करता. मी कॅमेऱ्याशिवाय, आहेराचे पाकीट घेऊन लग्नाला गेलो. अंतरपाट दूर होतो आणि नवरी मान वर करते, त्या क्षणाला सेकंदाचाही अवधी नसतो. त्याच वेळी अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते आणि पहिल्या रांगेतील प्रत्येक काका मोबाइल उंचावून पुढे घुसतो. तो मुलगा शेवटचे मंगलाष्टक संपण्याआधीच नवरदेवाच्या मागे, करवलीच्या शेजारी जागा धरून गुडघ्यावर बसला होता. त्याला फोटो उत्तम मिळाला. म्हणजे मामांना कामाची किंमत कळत होती आणि त्यांच्याकडे पैसेही होते. फक्त ती किंमत त्यांना भाच्याला द्यायची नव्हती.

मी एका लग्नाच्या पैशांपायी नाते दुरावले, असे वडील आजही म्हणतात. माझा हिशेब निराळा आहे. त्या साखरपुड्याला लग्नाच्या वयाची निदान आठ-दहा भावंडे हजर होती आणि मे महिन्यातील एका तिथीला एकच ऑर्डर घेता येते. ते एक काम फुकट केले असते, तर पुढच्या कित्येक उन्हाळ्यांतील चांगल्या तारखा नात्यातच खर्ची पडल्या असत्या आणि मी परत महाप्याला दिसलो असतो. तेव्हा ‘बघ, आम्ही सांगत होतो’ म्हणायला हीच मंडळी पुढे आली असती. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, घरच्यांना समजावण्यात शक्ती घालवू नये. पहिल्याच नातेवाइकाला छापील कोटेशन द्यावे. ज्याला समजायचे ते त्यातून समजते. सवलत द्यायची झालीच तर ती बिलावर आकड्यात लिहून द्यावी, म्हणजे आपण काय सोडले ते समोरच्यालाही दिसते.

फोटोंचा मालक कोण, हेही त्याच कागदावर लिहावे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे घेऊन एखाद्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, तो ग्राहकच असतो. जाहिरातीत नवरीचा फोटो वापरायचा असेल तर ते आधी लिहून घेणे शहाणपणाचे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी साधारणपणे सक्तीची नाही, पण कारखानदारांना कराचे क्रेडिट, म्हणजे बिलात भरलेल्या कराची वजावट, हवे असते, त्यामुळे ते जीएसटीचे बिल मागतात.

कॅमेरा कोणताही चालेल. फक्त त्यात दोन मेमरी कार्डे बसली पाहिजेत आणि फोटो दोन्हींवर एकाच वेळी साठले पाहिजेत, कारण लग्न पुन्हा लावता येत नाही. उरलेल्या पैशांत लेन्ससाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल घ्यावे. ठाण्याच्या पावसाळ्यात लेन्सला आतून बुरशी लागते. स्टुडिओ पहिल्या वर्षी भाड्याने घेऊ नये.

एक गोष्ट सांगायची राहिली. मी कोटेशनवर ठाम राहिलो तेव्हा कळव्याच्या आमच्या घरावर कर्ज नव्हते आणि शिक्षिका असलेल्या माझ्या पत्नीचा पगार दर महिन्याला येत होता. आपल्यावर गृहकर्ज असेल आणि घरात मिळवते आपण एकटेच असाल, तर एक सीझन नोकरीत राहून शनिवार-रविवारच्या ऑर्डरी घ्याव्यात. त्याआधी नेमणूकपत्रात दुसरा व्यवसाय करण्यास मनाई आहे का, ते पाहावे. आणि त्या ऑर्डरींचेही पूर्ण पैसे घ्यावेत, विशेषतः ज्या सहकाऱ्यांनी फ्लेमिंगोंचे कौतुक केले आहे त्यांच्याकडून.