'हमार्तिया' म्हणजे स्वभावदोष का?

प्रश्न असा आहे: ग्रीक शोकांतिकेच्या नायकाबद्दल बोलताना 'हमार्तिया' हा शब्द येतो, त्याला मराठीत 'स्वभावदोष' म्हणावं का?

माझ्या मते म्हणू नये. साधा 'चूक' हा शब्द पुरतो, ग्रांथिक हवा असेल तर 'प्रमाद'.

हमार्तिया हे 'हमार्तानेइन' या क्रियापदाचं नाम. होमरच्या 'इलियड'मध्ये फेकलेला भाला शत्रूला न लागता जातो, तिथे हे क्रियापद येतं. मराठीतही नेम चुकतो, वाट चुकते आणि माणूसही चुकतो, त्यामुळे 'चूक' इथे फार चपखल बसते. पुढे बायबलमधल्या नव्या कराराच्या ग्रीकमध्ये हमार्तियाचा अर्थ 'पाप' झाला. पण शोकांतिकेच्या चर्चेत हा शब्द वापरणाऱ्या अ‍ॅरिस्टॉटलनंतर चार शतकांचा तो काळ.

अ‍ॅरिस्टॉटल 'पोएटिक्स' या आपल्या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथाच्या 13व्या प्रकरणात म्हणतो, की नायक पुण्यात्मा नसावा आणि दुर्जनही नसावा. नावलौकिक आणि वैभव असलेल्या अशा माणसाचा ऱ्हास दुष्टपणामुळे नव्हे, तर कुठल्याशा हमार्तियामुळे व्हावा. पाठोपाठ नाव येतं इडिपसचं.

आता नाटककार सोफोक्लीजचा इडिपस पाहा. तो तापट आहे, हे कुणीही नाकारणार नाही. आंधळा द्रष्टा तिरेसिअस याच्यावर भडकतो, मेहुणा क्रेऑन याच्यावर नाही नाही ते आरोप करतो. पण तोवर बापाची हत्या आणि आईशी लग्न होऊन वर्षं लोटलेली असतात. तिठ्यावर त्याने रागाच्या भरातच हात उचलला, हेही खरं. मात्र त्याला आधी वाटेवरून ढकललं ते रथातल्या लोकांनी, आणि डोक्यात पराणी हाणली ती त्या म्हाताऱ्याने. शिवाय अनर्थ झाला तो राग आल्यामुळे नव्हे. समोरचा म्हातारा आपला बाप लायस आहे हे ठाऊक नसल्यामुळे. कॉरिंथमध्ये त्याला वाढवणारे पॉलिबस आणि मेरोपी हेच आपले आईबाप असं समजून, बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील ही देववाणी त्यांच्या बाबतीत खरी ठरू नये म्हणून तर तो कॉरिंथपासून दूर पळत होता! ही पळण्याची धडपडच त्याला खऱ्या आईबापांच्या थीब्जला नेते. या अज्ञानाला स्वभावदोष म्हटलं की सगळं नाटक 'करावं तसं भरावं'च्या पातळीवर येतं, आणि अ‍ॅरिस्टॉटलला हवी असलेली करुणा उरतच नाही. कारण तो म्हणतो, करुणा वाटते ती नाहक दुःख भोगणाऱ्याबद्दल.

सोफोक्लीजच्याच 'अँटिगनी' नाटकातल्या राजा क्रेऑनचा हट्ट मात्र स्वभावातला वाटतो. तिथेही तिरेसिअस त्याला सांगतो की चुकणं सगळ्या माणसांच्याच वाट्याला येतं, चुकल्यावर सुधारतो तो मूर्ख नव्हे. शब्द त्याच धातूचा, आणि रोख अँटिगनीचा भाऊ पॉलिनाइसीस याचं प्रेत बेवारस टाकण्याच्या कृतीवर.

म्हणून लिहिताना 'इडिपसच्या हातून घडलेला प्रमाद' म्हणावं. 'घोडचूक' टाळावी, तिच्यात मूर्खपणाचा ठपका येतो. आणि 'गफलत' इथे फारच हलकी पडते.