मतदान सक्तीचे असेल तर अराजकवाद्याने मत द्यावे का?

विचारणारे नुकतेच ऑस्ट्रेलियाचे नागरिक झाले आहेत, स्वतःला अराजकवादी (म्हणजे माणसांवर राज्यसत्ताच नको म्हणणारे) मानतात, आणि तिथे मत दिले नाही तर दंड होतो म्हणून अडले आहेत: तत्त्व सांभाळावे की दंड वाचवावा? माझे उत्तर सोपे आहे. जा, कागद घ्या, वाटले तर कोराच पेटीत टाका आणि घरी या. जबरदस्तीने घेतलेल्या सहीला संमती म्हणत नाहीत, हे अराजकवाद्याला तरी सांगावे लागू नये.

ऑस्ट्रेलियात १९२२ साली साठ टक्केही लोक मतदानाला आले नाहीत, म्हणून १९२४ साली सक्तीचा कायदा झाला आणि १९२५ मध्ये आकडा एकदम नव्वदीच्या वर गेला. देशाच्या संसदेच्या निवडणुकीत दंड आज वीस डॉलर आहे. तत्त्वासाठी कोर्टात जायचा विचार असेल तर सोडून द्या, ते आधीच होऊन गेले आहे. अर्नेस्ट जड नावाच्या समाजवाद्याने सांगून पाहिले की सगळेच उमेदवार भांडवलशाहीचे, मी कुणाला मत देऊ? १९२६ साली तिथल्या हायकोर्टाने (तिथले सर्वांत वरचे कोर्ट तेच) हे कारण पुरेसे नाही असा निकाल दिला. हिगिन्स नावाच्या एका न्यायाधीशाला तो पटला नाही, पण बहुमत जडच्या विरुद्ध गेले. मत न देणे हे माझे धार्मिक कर्तव्य आहे असे कुणी म्हटले, तर मात्र तो कायदा ऐकून घेतो. देवाचे नाव सांगितले तर चालते, विवेकाचे सांगितले तर चालत नाही. मला याचा अजून संताप येतो. असो. मतपत्रिका गुप्त असते, तिच्यावर तुम्ही काय केले ते कुणाला कळत नाही. वीस डॉलरसाठी हुतात्मा होण्यात अर्थ नाही.

मी लिहायला बसलो ते दुसऱ्याच सक्तीबद्दल.

मी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातला, पांझरा नदीकाठचा. आमच्याकडे निम्म्या घरांतले कुणी ना कुणी सुरतेला, उधना नाहीतर लिंबायतला. त्यामुळे गुजरातने स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचे करायचे ठरवले तेव्हा ती आमच्या घरातलीच बातमी झाली. २००९ साली विधेयक मंजूर झाले, राज्यपालांकडे अडकले, २०१४ साली संमती मिळाली, २०१५ साली शंभर रुपये दंडाचे नियम निघाले आणि त्याच ऑगस्टमध्ये गुजरात हायकोर्टाने स्थगिती दिली. तेवढ्या काळात सुरतेचे भाऊबंद फोनवर विचारायचे, "नाव गावच्या यादीत ठेवू की इकडे?" शंभर रुपयांचे भय कुणालाच नव्हते. भय होते ते गावचे. गावच्या यादीतून नाव काढले तर थोरले काका जिभाऊ काय म्हणतील, हे.

ही खरी सक्ती. तिचा कायदा कुठे छापलेला नाही आणि तिला कोणते हायकोर्ट स्थगिती देत नाही.

१५ जानेवारी २०२१ ला राज्यभर ग्रामपंचायतींचे मतदान झाले. आमच्या वॉर्डातून माझा चुलत भाऊ उभा होता, आम्ही त्याला आप्पा म्हणतो. आदल्या रात्री त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले काका, जिभाऊ, आमच्या ओट्यावर येऊन बसले. सोबत भाऊकीतली आणखी चार माणसे. चहा झाला. मी सांगितले की जिभाऊ, मी कुणालाच मत देत नाही, आप्पालाही नाही आणि समोरच्यालाही नाही. आप्पाशी माझे वैर नाही. उद्या त्याच्या शेतात आग लागली तर सगळ्यांत आधी मी पळेन. पण मत हे नात्याचे देणे नाही.

"आपला माणूस शे ना तो! मत देवाले काय जास तुन्हं?"

जिभाऊंचा हा प्रश्न मी पुष्कळ पुस्तकी अराजकवाद्यांच्या तोंडी ऐकला आहे, फक्त भाषा वेगळी. एक बटण दाबायला काय जाते? माझे उत्तर तेव्हाही हेच होते. मला विचारून, पटवून मत मागितले असते तर मी विचार तरी केला असता. तुम्ही रक्ताच्या हिशेबात धरूनच आलात. जिभाऊ उठून गेले, चहाचा कप तसाच.

दुसऱ्या दिवशी सुरतेहून लक्झरी भरून आल्या, दोन्ही पॅनलच्या. आप्पाची एक गाडी कोंडाईबारीच्या घाटात अडकली आणि पोचली तेव्हा मतदानाची वेळ संपली होती. माझी बायको मत देऊन आली. कुणाला दिले ते तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. १८ तारखेला मोजणी झाली. समान मते. नियमाप्रमाणे चिठ्ठी काढली, एका शाळकरी पोरीच्या हातून. चिठ्ठी समोरच्याची निघाली. गुलाल तिकडे उधळला आणि आमच्या गल्लीत सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

तेव्हापासून मी "एका मताने भावाला पाडणारा" आहे. बांधावरचा रामराम बंद, लग्नाची पत्रिका माझे नाव गाळून येते. मला एवढेच विचारायचे आहे: घाटात अडकलेल्या गाडीतल्या एकाला तरी कुणी बोलले का? नाही, कारण ते "येत होते". यादीत नाव असून सुरतेला कामावरच थांबलेल्यांना? नाही, कारण त्यांनी फोनवर "येतो" म्हटले होते. मी तोंडावर "येणार नाही" म्हटले, म्हणून एकटा मी दोषी. भाऊकीला मत नको होते, मान खाली घातलेली हवी होती.

त्याच निवडणुकीत नंदुरबार तालुक्यातल्या खोंडामळीत आणि नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात पदांचा लिलाव झाला म्हणून राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूकच रद्द केली. खोंडामळीची बोली ४२ लाखांची, देवळाच्या नावाने. त्यावर आमच्या पारावर चार दिवस हसणे झाले. लिलाव करणारे हसण्यावारी गेले आणि मत न देणारा मात्र द्रोही ठरला.

आता मूळ मुद्द्यावर. मी अराजकवादी झालो ते पुस्तके वाचून नव्हे, ती नंतर वाचली. माझे आजोबा फडाचे पाटकरी, म्हणजे पाटाचे पाणी सोडणारे, होते. पांझरेवरचे बंधारे, पाट आणि फड (म्हणजे पाटाखालच्या शेतांचे गट) ही व्यवस्था शेकडो वर्षे शेतकऱ्यांनी स्वतः चालवली. एका फडात एका हंगामाला एकच पीक, प्रत्येकाची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली, आणि पाणी कमी पडले की एखादा फड पडीक ठेवायचा. म्हणजे तोटा एकाच्याच माथी बसत नसे. पाणी सोडणारा पाटकरी बागायतदारांनी नेमलेला आणि त्याचा मोबदला बागायतदारांनीच द्यायचा. सरकार बदलले, राज्ये बदलली, पाट वाहत राहिला. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. तेच विनोबा पुढे शासनमुक्त समाज मागत होते, ते कुणाला आठवत नाही.

म्हणून मत देतो की नाही यावरून मी कुणाचा अराजकवाद मोजत नाही. डच लोकांचे बघा. तिथे १९१७ पासून १९७० पर्यंत मतदान सक्तीचे होते. त्याची टर उडवायची म्हणून १९२१ साली ॲम्स्टरडॅममध्ये काही अराजकवाद्यांनी आणि कलावंतांनी रस्त्यावरच्या एका दारुड्याला महापालिकेसाठी उभे केले, स्वस्त दारू आणि स्वस्त पाव या जाहीरनाम्यावर. त्यासाठी काढलेल्या पक्षाला दोन जागा मिळाल्या. मला हा प्रकार आवडत नाही, गरीब माणसाला सोंग म्हणून वापरले. त्यात पुढे असलेला चित्रकार एरिख विचमन नंतर फॅसिस्टांत गेला. मतपेटीची घृणा माणसाला कुठेही नेऊ शकते. उलट स्पेनमधल्या सीएनटी या अराजकवादी कामगार संघटनेने १९३३ साली बहिष्काराचा जोरदार प्रचार केला आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये तो सैल सोडला, कारण हजारो साथी तुरुंगात होते आणि डावे आले तर ते सुटणार होते. साथी सोडवायला कुणी मत दिले तर मी त्याला नाव ठेवणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचे चार जण मंत्री झाले, त्याला मात्र ठेवेन.

तेव्हा कायद्याची सक्ती असेल तर वाका, लाज नाही. घरच्यांच्या, जातीच्या, पॅनलच्या सक्तीपुढे वाकू नका. तिथे "नाही" म्हणायची हिंमत नसेल तर मेलबर्नच्या मतपत्रिकेवर तत्त्वज्ञान करू नका.

काही गोष्टी राहिल्या. भारतात मत न देणे गुन्हा नाही, पण सरकारी नोकर असाल तर निवडणुकीची ड्यूटी टाळणे गुन्हा आहे, त्यात गल्लत करू नका. यंत्रावर कोरे मत देता येत नाही. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोटाचे, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही'चे, बटण आले, नाहीतर रजिस्टरवर सही करून मत द्यायला नकार देता येतो, तशी नोंद होते. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली शहरांच्या निवडणुकांसाठी नोटाला सर्वाधिक मते पडल्यास पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले, पण दुसऱ्यांदाही तसेच झाले तर नोटा सोडून जास्त मतांचा उमेदवार निवडून येतो.

आणि एक गोष्ट आमच्या फडाबद्दलही सांगायला हवी. तिथे ज्याची जमीन त्याचाच शब्द. भूमिहीनाला आणि बायांना त्या बैठकीत जागा नव्हती. त्यांना मतदार यादीने जागा दिली. म्हणून भिल्ल वस्तीतल्या एखाद्या बाईने रांगेत उभे राहून मत दिले तर तिला मी "हे सगळे फोल आहे" असे कधी म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका. माझे वरचे सगळे बोलणे ज्यांच्याकडे आधीच बाकी सगळे आहे त्यांच्यासाठी आहे.

आप्पा हे वाचेल असे वाटत नाही, पण कुणी दाखवले तर एवढे सांगा. पाटाचा गाळ निवडून आलेल्यानेही काढला नाही. दर उन्हाळ्यात वर्गणी करून आम्ही काही बागायतदार काढतो, आणि पाणी त्याच्या वावरातही जाते. वर्गणीची वही माझ्याकडे आहे, त्याचे नाव त्यात अजून नाही. यंदा लिहायला ये.