एसीचा क्लच गेला तर आख्खा कॉम्प्रेसर बदलावाच लागतो का?

नाही. आधी गॅरेज बदला.

तुम्ही लिहिलंय की गाडी जुनी आहे, सकाळी एसी गार असतो, दुपारी ट्रॅफिकमध्ये नुसता वारा येतो आणि गॅरेजवाला कॉम्प्रेसर टाका म्हणतो. माझ्या २००६ च्या वॅगन-आरची डिट्टो हीच कथा. मे महिन्यात वसईला लग्नाला निघालो होतो, मागे सासूबाई आणि साडू. कासारवडवलीपर्यंत गारेगार, गायमुखच्या चढाला गाड्या तुंबल्या आणि एसीने मान टाकली. साडू म्हणाले, "हा डबा आता भंगारात द्या." सासूबाईंच्या देखत! त्याआधी एका एसीवाल्याने दोनदा गॅस भरून पैसे उकळले होते. गॅस गळत असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गार कसा झाला असता, एवढं मलाही सुचलं नाही.

शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने बॉनेट उघडून गाडी मुद्दाम तापवली. एसी चालू, पुली फिरतेय, पण पुढची प्लेट ढिम्म. क्लच म्हणजे हीच जोडी: कॉइलचं चुंबक प्लेटला पुलीकडे ओढून चिकटवतं, तेव्हाच कॉम्प्रेसर फिरतो. इंजिन बंद करून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला, प्लेट आणि पुलीमधली फट जवळजवळ एक मिलिमीटर. ती साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत लागते. प्लेट घासून फट वाढते. त्यात कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, करंट कमी होतो आणि चुंबकाला प्लेट ओढवत नाही. त्याने मधला बोल्ट काढला, प्लेटमागची एक शिम, म्हणजे पातळ चकती, काढली, परत बसवलं. गॅसला हातही लावला नाही. टक् आवाज आला तेव्हा मला साडूंना फोन करावासा वाटला. केलाही.

तुम्ही आधी रिले (क्लचला करंट देणारा स्विच) बघा, कॉइलपर्यंत बारा व्होल्ट पोचतात का ते बघा. कॉइल बहुधा तीन-चार ओहम दाखवते, काहीच दाखवत नसेल तर ती जळलीय. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर पुलीचं बेअरिंग. हे सगळं सुटं मिळतं.

हां, कॉम्प्रेसरचा शाफ्टच जाम असेल किंवा तिथून तेल गळत असेल, तर मात्र गॅरेजवाला खरं बोलतोय. आणि इंजिन चालू असताना तिथे बोटं घालू नका.

यंदा गणपतीला साडूंची नवी गाडी सर्व्हिसिंगला होती, म्हणून माझ्याच डब्यातून आले. माजिवड्याला म्हणाले, "जरा कमी करा हो, घसा धरतोय."

मी केला नाही.