आजोबांच्या पावतीवरची 'प्रोपिना'

प्रश्न : आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत १९५८ सालची, पणजीच्या लिसेवची (पोर्तुगीज अमदानीतल्या माध्यमिक शाळेची) पावती मिळाली. तिच्यावर 'प्रोपिना' लिहिलंय. स्पॅनिश शिकणारी मुलगी म्हणते, ही तर बक्षिशी! आजोबांनी मास्तरांना पैसे चारले होते का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : छे हो, मुळीच नाही! पोर्तुगालच्या पोर्तुगीजमध्ये प्रोपिना म्हणजे शिक्षणाची फी. स्पॅनिशमध्ये तोच शब्द वेटरला दिलेली टिप, आणि ब्राझीलमध्ये चक्क लाच. मूळ ग्रीक, कुणाच्या नावानं पेला उचलून पिणं. तिथून लॅटिनमध्ये आला. आपलं 'चहापाणी' आठवा. घरी पाहुण्याचं चहापाणी, कचेरीत टेबलाखालचं चहापाणी. पिण्यावरून पैशाकडे जायची वाट तीच. पावती मात्र उलगडून सपाट ठेवा. जुना कागद घडीवरच आधी फाटतो.